भाऊबीजेचं पिवळं जॅकेट

"गुरुवारी जायचंच," वरदा म्हणाली आणि सोफ्यावर पुन्हा आडवी झाली. एवढं बोलूनही तिला दम लागला होता.

अंशुमन लॅपटॉप मिटून तिच्या पायांशी येऊन बसला. "आपली जीपी डॉक्टर काय म्हणाली, आठवतंय ना? टेस्ट निगेटिव्ह आहेत. आणि झाडपाल्याचा अर्क थेट शिरेत म्हणजे इन्फेक्शनची रिस्क. प्रूफ तर कसलंच नाही."

"तिच्याकडे तरी दुसरं काय आहे? पेसिंग करा, म्हणजे कामं बेताबेताने करा, विश्रांती घ्या, परत या."

पीक डिस्ट्रिक्टमध्ये फिरायला गेले होते तेव्हा वरदाला गोचीड चावली. आधी ताप आला, मग सांधे धरले, मग साधी नावंही आठवेनाशी झाली. नॉटिंगहॅमच्या शाळेत वर्गभर धावणारी बाई आता घरचा जिना चढताना मध्येच बसायची. पुण्याहून सासूबाईंनी गुळवेलीचा काढा सांगितला, तोही पिऊन झाला. आता उरलं होतं लीड्समधलं एक खासगी क्लिनिक. तिथे म्हणे सलाइनमधून वनस्पतींचा अर्क देतात आणि शरीरातलं सगळं विष काढून टाकतात.

'म्हणे' अंशुमनचं. वरदाचा विश्वास होता, आणि तोही क्लिनिकपेक्षा स्वरालीवर जास्त.

स्वराली कार्डिफची, तिथेच जन्मलेली. लाइमच्या, म्हणजे या गोचिडीच्या आजाराच्या, ऑनलाइन ग्रुपवर वरदाला ती सापडली. दोघी भेटल्या कधीच नव्हत्या, पण स्वरालीने त्याच क्लिनिकमध्ये ड्रिप घेतली होती आणि तिचं पेज वरदाला तोंडपाठ होतं. सुरुवातीचं सगळं इंग्रजीत, आणि नुसतं रडगाणं. अंग ठणकतंय, झोप नाही, जगायचा कंटाळा आला. मग गेल्या भाऊबीजेची पोस्ट: तिसरी ड्रिप झाली, भावाने, वीरने, ओवाळणीत पिवळं जॅकेट दिलं, हे घ्या फोटो, बाकी सकाळपासून जरा थंडी वाजतेय.

तिथून पुढे सगळा नूरच पालटला. ती मराठीत लिहायला लागली, नागपूरच्या आजीला कुणीतरी वाचून दाखवावं म्हणून. आज बागेत बसले. आज वरणभात जेवले. आता भूक लागते, आजी, काळजी करू नकोस. सोबत पिवळ्या जॅकेटमधलाच फोटो असायचा.

"हिच्याकडे दुसरं जॅकेट नाही का गं?" अंशुमनने एकदा विचारलं होतं.

"भावाने दिलंय ते. तुला नाही कळणार. तू बहिणीला ॲमेझॉनचं व्हाउचर पाठवतोस." त्या दिवशी ती कितीतरी दिवसांनी हसली होती. अंशुमनला तेवढ्यासाठीसुद्धा स्वराली आवडायची.

वरदा तिला मेसेज करायची. उत्तर हमखास यायचं आणि शेवटी ठरलेलं असायचं, 'जेवलीस का?' फोन मात्र ती उचलत नसे. 'आवाज बसलाय गं,' एवढंच लिहायची. एकदा तिने वरदाचा फोटो मागून घेतला. 'बारीक केस, ओढलेला चेहरा. अगदी माझ्यासारखी दिसतेस.' वरदाला ते वाचून बरं वाटलं होतं. आपल्यासारखी दिसणारी एक बाई यातून बाहेर पडली होती.

आज वरदाने सरळच विचारलं होतं, 'ड्रिप घेऊ ना?' खूप उशिराने उत्तर आलं.

'आधी एकदा घरी ये. मग ठरव.'

"जाऊ या," अंशुमन म्हणाला. "ती खरंच बरी असेल, तर गुरुवारी मीच तुला लीड्सला नेईन. परत एक शब्द बोलणार नाही."

रविवारी ते निघाले. वरदा मागच्या सीटवर पडून होती. ही शेवटची आशा आहे आणि तीही फसली तर आपण उठायचा प्रयत्नही सोडून देऊ, हे तिला पक्कं माहीत होतं. तिने ते अंशुमनला सांगितलं नाही.

कार्डिफला दार उघडलं ते स्वरालीच्या आईने, रेखाकाकूंनी. त्या वरदाकडे बघतच राहिल्या.

"बूट इथेच काढा," मग त्या म्हणाल्या. "अंशुमन, तुम्ही किचनमध्ये बसा, चहा केलाय. वरदा, तू आत ये."

"स्वराली कुठे आहे, काकू?"

"सांगते. हात किती गार पडलेत तुझे." काकूंनी खुंटीवरचं पिवळं जॅकेट काढलं आणि तिच्या अंगात घातलं. ते अगदी मापाचं निघालं.

"माझं एक काम कर," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "सासूबाई नागपूरला असतात. नव्वदीच्या आहेत, हृदय नाजूक, डोळ्यांनी धड दिसत नाही. दोन मिनिटं त्यांच्यासमोर बस. नुसतं हो म्हणालीस तरी पुरे."

वरदाला यात काही वावगं वाटलं नाही. आल्यागेल्याला धरून व्हिडिओ कॉलवर आजीपुढे बसवायचं, हे तिच्याही घरी चालायचं. ती खुर्चीत बसली. टेबलावरच्या टॅबलेटमध्ये एक सुरकुतलेलं कपाळ आणि जाड भिंगाचा चष्मा दिसत होता.

"आई," काकू मोठ्याने म्हणाल्या, "नुसती लिहिते, तोंड दाखवत नाही म्हणत होतात ना? ही बघा, आली तुमची स्वराली."

"जेवलीस का गं?" आजींनी विचारलं.

वरदाने वर पाहिलं. टॅबलेटच्या मागच्या भिंतीवर, कॅमेऱ्यात येणार नाही अशा जागी, पिवळ्या जॅकेटमधला तो फोटो चंदनाचा हार घालून टांगलेला होता, आणि त्याखाली तारीख होती गेल्या भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाची.