हात जोडलेला पाहुणा

"तो तोरणमाळचा कीटक काढून टाक, रिना," प्रबंधाचे मार्गदर्शक सर फोनवर म्हणाले. "त्याच्यापायी सगळं झाड बिघडतंय."

रिनाने लॅपटॉप खाटेवर सरकवला. झाड म्हणजे कीटकांचा वंशवृक्ष. कोण कुणाचा सख्खा, कोण कुणाचा चुलत, हे दाखवणारा. पुण्याच्या प्रयोगशाळेत गेली काही वर्षं ती हीच सोयरीक लावत होती. तोरणमाळच्या कड्यावर तिला नखाएवढा एक प्रार्थनाकीटक सापडला होता, पुढचे पाय जोडून बसणारा तो शिकारी. तसला कुणी पाहिलाच नव्हता. पुन्हा पुन्हा घाट चढूनही दुसरा मिळाला नाही. तिचा सगळा प्रबंध त्या एवढ्याशा जिवावर उभा होता आणि महिनाअखेर तो द्यायचा होता.

पण हा जीव काही केल्या एका फांदीवर बसेना. दोन-चार जनुकं तपासून पाहिली, तर त्यांचंच आपसांत भांडण. म्हणून तिने सगळा जीनोमच वाचून घेतला. हजारो जनुकं! इतके साक्षीदार उभे केल्यावर तरी निकाल लागेल, असं वाटलं. कसला निकाल! निम्मी जनुकं म्हणत, हा प्रार्थनाकीटकच. निम्मी त्याला उचलून झुरळांच्या फांदीवर नेऊन बसवत. तिथेही तो कुठल्या ओळखीच्या झुरळाशी जुळत नसे. सरांच्या मते नमुन्यातच भेसळ होती.

"सर, भेसळ कशी असेल?" रिना काकुळतीला आली. "मी त्याला दोन दिवस उपाशी ठेवलं होतं. पोट रिकामं होतं त्याचं."

जनुकं काढायची, तर एवढासा कीटक सगळाच्या सगळा कुटावा लागतो. पोटात शिकार राहिली, तर तिचीही जनुकं त्यात मिसळतात. म्हणून तर तोरणमाळहून उतरल्यावर तिने त्याला इथेच, सारंगखेड्याच्या घरी, जाळीच्या डबीत ठेवलं होतं. उपाशी. मगच पुण्याला नेलं.

चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या कमलबाईचे हात थांबले. लेकीच्या फोनवरचं जे ऐकायला नको, ते या माउलीला हमखास ऐकू यायचं.

"कोनले उपाशी ठेयेल व्हतं वं?"

"त्या डबीमातला किडाले, माय."

"उपाशी? मन्हा घरमा?" कमलबाई पिठाच्या हातांनी तशीच उठली. "तू आंघोयले गयथी. त्याना डोया मन्हाकडेच. दोन्ही हात जोडेल व्हतात बेटा त्यानी! मी त्याले जेवाडं."

रिनाच्या डोक्यात सणक गेली. महिनोन्महिने तिने संगणकाशी डोकेफोड केली होती, सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या होत्या, स्वतःच्या अकलेवर शंका घेतली होती. आणि इकडे पाहुणा दोन्ही वेळ जेवून तृप्त होता! ती काही बोलणार, तेवढ्यात तिला आईचा उतरलेला चेहरा दिसला. मग एकदम लख्ख उजेड पडला.

"माय, काय खावाडं त्याले?"

"काड्यासना ढिगखालना झुरळं. बारीक, कवळा. दोन्ही दिन खावाडं, पोटभर." ती चाचरली. "मन्हं चुकनं का बेटा?"

रिना आधी हसली, मग तिचे डोळे भरून आले. एकही जनुक खोटं बोललं नव्हतं. निम्मी पाहुण्याची होती, निम्मी त्याच्या ताटातली. आईने तोंड उघडलं नसतं, तर आज त्या कीटकाची सगळी माहिती कचऱ्यात गेली असती, आणि त्याच्यामागून तिचा प्रबंधही. तिने आईचे पिठाचे हात आपल्या गालांवर दाबून धरले. अशी आई आपल्या वाट्याला आली, याचं तिला फार फार बरं वाटलं.

तिने सरांना सगळं सांगितलं. मग सरही खो खो हसले.

"मग सोपं आहे गं! ते झुरळ मिळालं, की त्याचाही जीनोम वाचू. त्याची जनुकं चाळून बाजूला काढली, की तुझा कीटक निमूट आपल्या फांदीवर बसेल. पण रिना, ते झुरळ कुणाच्याच नोंदीत नाही. आता आणायचं कुठून?"

रिनाने वळून पाहिलं. कमलबाई केव्हाच मागच्या अंगणात पोचली होती. कपाशीच्या काड्यांचा ढीग एका हाताने उचलून ती वाकली होती. दुसऱ्या हातातल्या स्टीलच्या डब्यात काहीतरी वळवळत होतं.

डब्यावर झाकण ठेवता ठेवता तिने हाक मारली, "तुन्हा सरले इचार वं बेटा, यासले बी उपाशीच धाडनं पडी का?"