सकाळी आलेला मजूर

थोरल्याने आठवडाभर घोकून ठेवलेलं उत्तर धाकट्या साडूने त्याच्या डोळ्यांदेखत पळवलं.

दोघांचा धंदा एकच, केस कापायचा. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. दुकानं समोरासमोर, मध्ये फक्त रस्ता. प्रार्थनेची मंडळी त्या संध्याकाळी थोरल्याच्या सलूनमध्ये जमली होती, कारण या खेपेला पाळी त्याची होती. त्याने फरशी दोनदा पुसली होती. पाळकबाईंना मानाची जागा म्हणून गिऱ्हाइकाच्या उंच खुर्चीत बसवलं होतं. त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

त्यांनी शास्त्रातली द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट वाचली. काही मजूर उजाडताच कामाला लागले आणि दिवसभर उन्हात भाजून निघाले. काही दिवस कलताना आले आणि घटकाभर राबले. मालकाने मजुरी मात्र सगळ्यांना सारखीच दिली. सकाळवाले कुरकुरले, तेव्हा त्याने विचारलं, की मी हात सैल सोडला तर तुमच्या पोटात का दुखतं?

"आता एकेकानं सांगायचं," पाळकबाई म्हणाल्या. "या गोष्टीत आपण कोण?"

प्रश्न त्यांनी मागच्या आठवड्यातच देऊन ठेवला होता. थोरल्याची तयारी पक्की होती. 'मी शेवटचा मजूर,' असं तो म्हणणार होता. आवाज कुठे कापरा करायचा, तेही आरशासमोर दाढी करताना ठरलं होतं.

काचेतून समोरचं दुकान दिसत होतं. आरशांभोवती दिवे, फिरत्या खुर्च्या, आणि मालक इकडे प्रार्थनेला येऊन बसला तरी बाकावर माणसं थांबलेली. त्यांतले निवृत्त मास्तर तर कालपरवापर्यंत थोरल्याचे गिऱ्हाईक होते. एकदा त्याने मान वळवून शास्त्राकडे लक्ष दिलं. मान पुन्हा आपोआप काचेकडे गेली.

धाकटा उठला.

"मी शेवटचा," तो म्हणाला. "दिवस मावळताना आलेला. वस्तरा कसा धरायचा, हेसुद्धा मला भाऊंनी शिकवलं. जे मिळालंय, ते माझ्या कष्टाचं नाही."

त्याचा आवाज कापरा झाला. नेमका तिथेच.

पाववाल्याच्या आईने पदर डोळ्यांना लावला. थोरल्याची स्वतःची बायको म्हणाली, "किती मनापासून बोललास रे!" इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य थोरल्याच्या वाट्याला आलं नव्हतं.

गिऱ्हाइकं नेली, ते एक वेळ गिळलं असतं त्याने. पण आता नम्रपणातही हाच पहिला?

"आणि तुम्ही?" पाळकबाईंनी त्याच्याकडे बघितलं.

थोरला उभा राहिला. उष्टं उत्तर देववेना, दुसरं तयार नव्हतं.

"मी सकाळचा," तो म्हणाला. "उजाडल्यापासून राबतोय. आणि मला बघवत नाही."

"काय बघवत नाही?"

त्याने काचेकडे बोट केलं. "ते."

बायकोने त्याचा सदरा ओढला. "अहो, बसा ना."

"बसतो. विचारलंत म्हणून सांगितलं." पण तो बसला नाही. "पाळकबाई, त्या सकाळच्या मजुरांचं पुढे काय झालं? घरी काय तोंडानं गेले ते? दुसऱ्या दिवशी त्याच मळ्यात कामाला आले का? लिहिलंय का कुठे?"

पाळकबाईंनी पान उलटलं. पुन्हा मागे आल्या, ओळींवरून बोट फिरवलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "तेवढं लिहिलेलं नाही."

"मग मी काय करायचं?"

त्यांनी डोळे मिटले. मंडळींनीही मिटले. प्रार्थना नेहमीपेक्षा आखूड झाली. चहा उभ्याउभ्याच प्याला गेला आणि ज्याला त्याला अचानक घरचं काम आठवलं. दोघी बहिणी कपबशा घेऊन आत गेल्या.

धाकटा मात्र थांबला. न सांगता बाक उचलून भिंतीला लावू लागला. तो वाकला तशी त्याची मान दिव्याखाली आली. मागचे केस पायऱ्यापायऱ्यांनी कापलेले, एक बाजू वर, एक खाली. कानामागे ब्लेड लागल्याची खूण.

"हे कुणी केलं?" थोरल्याच्या तोंडून निघून गेलं.

"मीच. दोन आरसे धरून."

"दोन कारागीर ठेवलेत ना पदरी?"

"आजवर तुमच्याशिवाय कुणाला मान दिली नाही, भाऊ." धाकटा बाकाशी बोलत असल्यासारखा बोलत होता. "आणि दुकान उघडल्यापासून तुमच्याकडे यायला तोंड नव्हतं."

हेही याला किती बरं बोलता येतं, असं थोरल्याच्या मनात आलंच. मग त्याने पायाने स्टूल दिव्याखाली सरकवलं.

"बस."

धाकटा बसला. थोरल्याने त्याच्या गळ्याभोवती टॉवेल खोचला, मानेवर पाणी चोळलं, वस्तऱ्यात नवं पातं घातलं.

"माझा राग गेलेला नाही," तो म्हणाला.

"ठाऊक आहे," धाकटा म्हणाला, आणि त्याने मान आणखी खाली वाकवली.