काचेच्या पेटीतले बूट

“आजोबा, तुमचे पाय एवढे मोठे होते?”

नात काचेला नाक लावून उभी होती. थिएटरच्या दारातच पेटी मांडलेली. आत जुने लष्करी बूट आणि खाली पाटी: ‘टेकडीवरून परतलेल्या एकमेव शिपायाचे’.

“बर्फात दोन-दोन मोजे घालायचो,” आजोबा म्हणाले. “पाय उघडे पडले की झडलेच म्हणून समज. चल आत.”

चाळीस वर्षांपूर्वीचा हा सिनेमा आज पुन्हा लागला होता. अठरा शिपाई, समोर तीनशे शत्रू. सगळ्या जगानं तो पाहिला, आजोबांनी मात्र एकदाही नाही. खरं तर गोष्ट त्यांनीच सांगितलेली. सांगायला दुसरं उरलं होतंच कोण? पण आज नातीनं हट्ट धरला, आणि तिच्यापुढे कुणाचं काय चालतंय! आजोबांच्या जिवावर ती वर्गात भाव खात फिरायची. तिच्या नजरेतून आपण उतरू नये, एवढीच त्यांची धडपड होती.

दिवे मालवले. पहिली तोफ धडाडली तशी आजोबांनी खुर्चीचा हात गच्च धरला.

“घाबरलात?” नातीनं विचारलं.

“छे! मी कशाला घाबरतोय?”

पडद्यावर शत्रू टेकडी चढत होता आणि एकेक शिपाई पडत होता. शेवटी दोघेच राहिले. एक आजोबांचं काम करणारा देखणा नट, आणि दुसरा त्याचा जिवलग, ज्याला सगळे लंबू म्हणायचे. लंबूला गोळी लागली. आजोबांना उठून पळावंसं वाटलं, पण शेजारी नात बसली होती.

लंबूनं मित्राच्या मांडीवर प्राण सोडला. मित्रानं त्याचे डोळे मिटले, आपला कोट त्याच्यावर पांघरला, सलाम ठोकला आणि गोळी लागून रक्ताळलेल्या टाचेनं लंगडत टेकडी उतरला.

“तुमच्या डाव्या टाचेवरची खूण ती हीच गोळी ना?” नात कुजबुजली. तिचे डोळे भरून आले होते.

आजोबांनी नुसती मान हलवली.

टाळ्यांचा कडकडाट झाला, दिवे लागले. आजोबांच्या जिवात जीव आला. जसं सांगितलं होतं तसंच दाखवलं होतं की! उगाच चाळीस वर्षं धसका घेतला.

बाहेर पेटीपाशी एक म्हातारा व्हीलचेअरवर बसून आत बघत होता. मांडीवर चादर होती. नात कसली गप्प बसतेय!

“हे आमच्या आजोबांचे बूट आहेत,” तिनं ऐटीत सांगितलं.

“हो का?” म्हातारा हसला. मग त्यानं मान वर करून आजोबांकडे पाहिलं, निवांत, बराच वेळ. त्याची चादर घसरली. गुडघ्यांखाली काहीच नव्हतं.

“डाव्यातला खिळा मला फार टोचायचा,” तो म्हणाला. “तुला पण टोचला का रे?”