भौतिकशास्त्राचे कू सर

"कू सरांचं नाव मी सख्ख्या बहिणीलासुद्धा सांगितलेलं नाही," सेबिनची आई कॉफीचा कप बाजूला सारत म्हणाली. "तुम्हाला सांगतेय. पण कुठे बोलू नका हं."

मिरान खुर्चीत पुढे सरकली. शिकवण्यांच्या त्या देची वस्तीतल्या बायका एकवेळ दागिने उसने देतील, पण मुलीच्या शिकवणीचे सर? नाव नको! त्यात सेबिन म्हणजे शाळेतली पहिली मुलगी. दोन वर्षं मिराननं तिच्या आईला नमस्कारामागून नमस्कार केले होते आणि बाईंनी नुसती मान हलवली होती. आज तिनं स्वतःहून फोन करून बोलावलं होतं.

"पण आमच्यावर ही मेहेरबानी कशी?" मिराननं न राहवून विचारलं.

"अहो, तुमच्या बोरामची मेहनत मला दिसत नाही का? बाकीच्या बायका आहेतच पाण्यात पाहायला. आपण तरी एकमेकींना धरून राहू या."

मिरानच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिचं बाजारात तोंडीलावण्यांचं दुकान. पहाटेपासून किमची कालवायची, मुळे किसायचे, ते सगळं या एका पोरीसाठी. बोरामला सोलच्या नर्सिंग कॉलेजात जायचं होतं. विज्ञानाच्या एखाद्या विषयात पहिली श्रेणी आली की प्रवेश पक्का. तो विषय घेतलेल्या शंभरातल्या पहिल्या चौघींना ती श्रेणी मिळायची, आणि गेल्या वर्षी बोराम एका जागेनं हुकली होती. पोर दोन दिवस जेवली नव्हती.

"पण एक आहे," सेबिनची आई म्हणाली. "सर फक्त भौतिकशास्त्र शिकवतात."

"बोरामनं तर जीवशास्त्र घेतलंय."

"मग बदला ना! शुक्रवारपर्यंत मुदत आहे. जीवशास्त्राला ही गर्दी, तिथे कोण विचारतंय तिला? आमच्या सेबिनच्या वर्गात मुली मोजक्याच. शाळेतल्या बाई एकेकीकडे लक्ष देतात, वर कू सर. आणखी काय हवं?"

संध्याकाळी बोरामनं ऐकलं आणि चमचा ताटात टाकला.

"आई, मला भौतिकशास्त्र कळत नाही."

"कळत नाही म्हणूनच शिकवणी! सगळं कळलं असतं तर सर कशाला लागले असते?"

"जीवशास्त्रात या वर्षी मला नक्की जमेल गं. मला आवडतं ते."

"आवडतं म्हणे! गेल्या वर्षी आवडत होतं, काय झालं? लोक त्या माणसासाठी पायघड्या घालतात आणि तुला दारात आलेली लक्ष्मी लाथाडायचीय."

बोरामनं चमचा परत उचलला. ती आईला उलट बोलणारी पोर नव्हती, हीच पंचाईत. तिनं गुरुवारी विषय बदलला.

शनिवारी मिरान तिला कू सरांकडे घेऊन गेली. सोबत पेरिलाच्या पानांचं लोणचं नेलं होतं, ते सरांनी न बघता बाजूला ठेवलं. पन्नाशीचा, बारीक चणीचा माणूस. त्यांनी बोरामपुढे एक प्रश्नपत्रिका ठेवली. तासाभरानं कागद परत आला तेव्हा त्यावर उत्तरांपेक्षा खाडाखोड जास्त होती. असल्या सरांनी याहून बऱ्या मुलींना दारातूनच परत पाठवल्याचं तिनं ऐकलं होतं.

सरांनी कागद वरवर चाळला.

"विषय बदलून झालाय ना?" त्यांनी विचारलं.

"हो सर, परवाच."

"आता परत बदलता येत नाही, माहीत आहे?"

"हो."

"मग घेतो हिला. माझी अट एकच. वर्ष पुरं होईपर्यंत मधेच शाळा बदलायची नाही. कितीही मार्क पडू देत, रडारड करून पळून जायचं नाही."

मिराननं कमरेत वाकून नमस्कार केला. याला म्हणतात गुरू, तिच्या मनात आलं. पोरीचं अपयश बघूनसुद्धा कपाळाला आठी नाही! घरी जाताना तिनं बोरामला आवडतात म्हणून गरम गोड पोळ्या घेतल्या आणि रस्ताभर एकटीच बोलत राहिली. सोलचं कॉलेज, पांढरा गणवेश, बाजारातल्या बायकांची तोंडं. बोराम पोळी हातात धरून चालत होती.

सोमवारी बोरामचा भौतिकशास्त्राचा पहिला तास होता. मिरानचं दिवसभर दुकानात लक्ष लागलं नाही. एका गिऱ्हाइकाला तिनं मुळ्याऐवजी काकडी बांधून दिली आणि शिव्या खाल्ल्या. बोराम दुकानात शिरली तशी ती हात पुसत पुढे धावली.

"काय गं? कसा झाला तास? पोरी नीट वागल्या ना?"

"मी वर्गात पाऊल टाकलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"टाळ्या?"

"हो. सेबिननं तर उठून मिठी मारली. म्हणाली, तू आलीस म्हणून वाचलो."

मिरानला आकाश ठेंगणं झालं. "बघ! आणि तू जायला तयार नव्हतीस! माणसं ओळखायला शिक जरा. सेबिनच्या आईसारखी बाई दिवा घेऊन शोधली तरी सापडायची नाही. काय नातं आहे तिचं आपल्याशी? तरी तुझ्यासाठी तिनं एवढं केलं."

बोरामनं दप्तर उतरवलं आणि बरण्यांच्या फळीवर ठेवलं.

"शंभरात चौघी, तर बारा जणींत अर्धीसुद्धा भरत नाही, आई. मी येईपर्यंत त्या बाराच होत्या. पहिली श्रेणी कुणालाच मिळणार नव्हती, सेबिनलासुद्धा नाही. तेरा झाल्या की अर्धीच्या वर जातं आणि शाळा एक जागा पूर्ण धरते. तिची आई महिनाभर तेरावी शोधत होती."