आलं का पाणी?

"आलं का पाणी?" मिस्त्रीने धक्क्याच्या दुसऱ्या टोकावरून ओरडून विचारलं.

लाकडी होडी नव्याने पाण्यात उतरली की त्या होड्यांच्या आवारात प्रत्येक जण हेच विचारायचा, पाहुण्याला प्रवास कसा झाला विचारावं तसं, आणि आलं म्हटलं की खूश व्हायचा.

"एक थेंब नाही," तिने होडीवरूनच सांगितलं. सांगताना तिची मान जरा ताठ झाली, आणि का होऊ नये? नवऱ्याचं डावं अंग लुळं पडल्यापासून होडीवर राबले होते ते तिचे हात. तो खुर्चीत बसून सांगायचा, ती करायची. कुजलेल्या फळ्या काढल्या, नव्या बसवल्या, पॉलिश पेपरने घासता घासता नखं झिजवली. होडी कालपासून पाण्यात होती आणि तळ अजून ठणठणीत कोरडा होता.

मिस्त्री शीळ घालत येत होता. ती शीळ मधेच बंद झाली. त्याने होडीत बसवलेल्या तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. आवारात त्याला सगळे कप्तान म्हणायचे, ते अर्थात थट्टेनेच. तरुणपणी दुसऱ्यांच्या होड्यांवर त्याने हौस भागवली होती. स्वतःची घेतली, ती आणल्या दिवसापासून कालपर्यंत जमिनीवरच होती.

कप्तानाच्या मांडीवर प्लास्टिकचा मग होता. नवी उतरलेली होडी सुरुवातीला गळतेच, ते पाणी उपसायचं काम माझं, तेवढं एका हाताने जमतं, असं त्याने तिला बजावून ठेवलं होतं. तिला मात्र गळणं म्हणजे चक्क हयगय वाटायची. आपण केलेली होडी कशाला गळेल?

"थेंबसुद्धा नाही?" कप्तानाने विचारलं.

"हात लावून बघा ना."

त्याने उजवा हात खाली नेऊन तळाच्या फळीवर फिरवला, मग फळ्यांना आतून धरून ठेवणाऱ्या एका लाकडी बरगडीवर तळवा टेकवून ठेवला. "मी दवाखान्यात होतो, तेव्हा फटी कशाने भरल्यास?"

"तुमची ती लांबीची पुट्टी बोटाने दाबली तरी दबायची हो. दुकानदाराने दुसरी दिली, दोन डबे एकत्र कालवायची. वाळल्यावर खिळा ठोकून पाहिला, तर खिळाच वाकला." ती हसली. तिच्याबरोबर कोणी हसलं नाही.

"वहिनी, हिला आजच वर उचलू," मिस्त्री म्हणाला. "सगळं कोरून काढू, परत भरू."

"कधी होईल?" कप्तानाने विचारलं.

मिस्त्री त्याच्या लुळ्या पायाकडे बघत राहिला. "हा हंगाम जाईल."

पुढच्या हंगामाचा विषय निघाला की डॉक्टर हसून औषधांबद्दल बोलायला लागायचे. त्याचा अर्थ तिलाही कळत होता आणि कप्तानालाही.

"अगं," तो म्हणाला, "शीड चढव."

मिस्त्रीने धक्क्याला बांधलेला दोर सोडून दिला.

वारा बेताचा होता. कप्तानाने सुकाणू उजव्या काखेत धरलं आणि धक्का मागे सरकायला लागला, तसा त्याचा चेहरा असा काही उजळला की तिला भरून आलं. इतक्या दिवसांची ढोरमेहनत सार्थकी लागली, असं तिला वाटलं. तेवढ्यात तिच्या पायाखाली कुठेतरी टक् वाजलं.

"काय हो ते?"

"बरगडी."

"म्हणजे?"

"लाकूड पाण्यात फुगतं. फटीतली लांबी मऊ असली की दबते, फळ्यांना जागा देते. तू भरलीस तिचा दगड झालाय. आता फळ्यांना फुगायला जागा नाही. त्या फळ्याच बरगड्या मोडणार."

आणखी एकदा वाजलं, या वेळी पुढच्या बाजूला. ताज्या रंगाला उभी चीर गेली आणि आतलं पांढरं लाकूड दिसलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माहीत होतं, तर निघालो कशाला?"

"मोडायच्या आधी निघालो."

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"मऊ भर, एवढं सांगितलं होतं. का, ते सांगायचं राहिलं." त्याने शिडाकडे पाहिलं. "मला वाटायचं, ते सगळ्यांना ठाऊक असतं."

तिसऱ्या आवाजाबरोबर पाणी आलं. आधी फळीच्या कडेने हळूच आलं, मग बेधडक. ती मगाकडे झेपावली, तर त्याने मग छातीशी धरला.

"ते काम माझं. तू सुकाणू धर. वळव."

तिने होडी वळवली. धक्का लांब नव्हता, पण होडी जड होत चालली होती. कप्तान एका हाताने उपसत होता. तो मग भरायचा, होडीच्या काठापर्यंत न्यायचा, आणि निम्मं पाणी त्याच्याच लुळ्या पायावर सांडायचं. त्याला ते कळतही नव्हतं. पाणी तिच्या घोट्याच्या वर आलं. तिला रडायचं होतं, पण डोळे भरले की धक्का दिसेनासा व्हायचा, म्हणून ती डोळे ताणून बघत राहिली.

धक्क्यावर मिस्त्री होडी उचलायचे पट्टे पाण्यात सोडून तयार उभा होता. शेजारच्या होडीवर रंगारी काम करत होता. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याने ब्रश उंचावला.

"काय कप्तान, आलं का पाणी?"

कप्तानाने भरलेला मग वर उचलून दाखवला.

"आलं, आलं," तो म्हणाला.

रंगाऱ्याने टाळ्या वाजवल्या.