टेप जाते कुठे
स्टीलच्या तारांनी विणलेला पाइप कापायचा असेल तर आधी त्यावर टेप घट्ट गुंडाळावी लागते, नाहीतर तारांचा झाडू होतो आणि तारा बोटात घुसतात. मिस्त्री हे साऱ्या गावाला शिकवायचे, पण त्यांच्याच गॅरेजात ऐन वेळी टेप गायब. गिऱ्हाईक ताटकळलेलं असायचं. मग पाइप तसाच कापायचा, गाडीत बसवायचा आणि बोट धरून मागच्या घरात जायचं.

"इथेच तर ठेवली होती गं."

"पाय फुटले असतील तिला," बायको चष्मा चढवत म्हणायची. खिडकीतल्या उजेडात मिस्त्रींचा हात मांडीवर घेऊन ती चिमट्याने तार शोधत बसायची. एरवी पहिल्या फटक्यात सुईत दोरा ओवणारी बाई, पण केसाएवढी तार काढायला तिला अर्धा तास लागायचा. तेवढ्यात दोघांच्या दिवसभराच्या गप्पा व्हायच्या, भांडणासकट.

आज ती भाजी आणायला गेली होती. पाइप कापण्याआधी शर्टाचं तुटलेलं बटण लावून घ्यावं म्हणून मिस्त्रींनी तिचा शिवणाचा डबा उघडला, तर रिळांच्या खाली टेपच टेप. आजवर हरवलेली एकूण एक टेप तिथे नीट रचून ठेवलेली.

मिस्त्रींनी आधी डब्याकडे पाहिलं, नंतर आपल्या बोटांकडे. मग ते गालातल्या गालात हसले, सकाळीच विकत आणलेली कोरी टेप खिशातून काढून त्यांतच ठेवली, झाकण लावलं आणि पाइप कापायला गेले.