नावडती रानकोंबडी

फाव म्हातारीनं अंथरुणातूनच पळी भिरकावली. कोंबडीला ती लागली नाही, पण विचारपूस करायला आलेल्या शेजारणींनी पाहिली. “न्या हिला इथनं,” म्हातारी ओरडली. “मेली अवदसा.”

सून दुआनं कोंबडीला उचललं आणि खांबांवर उभ्या घराखाली, सावलीत नेऊन सोडलं. दुआला काही समजेना. रानकोंबडी फासात धरायची नि भाजून खायची, एवढंच आमच्या मून नदीकाठच्या लोकांना माहीत. कोंबडी पाळता येते, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. म्हातारीनं मात्र ही पाय मोडलेली बांबूच्या बनातून घरी आणली. कामट्या बांधल्या, चावून मऊ केलेला भात भरवला. गाव हसलं. पाय सांधला तरी कोंबडी रानात परतली नाही. आता तर खुडूक होऊन कणगीखाली अंड्यांवर बसत होती. माणसाच्या घरात असलं कुणी पाहिलं नव्हतं.

आणि नेमकी आत्ताच म्हातारी फिरली होती. नावडतीचं मीठ अळणी. कोंबडीचं ओरडणं नको, चालणं नको, वास नको. शेवटी घरात दुसरं कुणी नाही असं पाहून दुआनं विचारलंच, “आई, हिनं तुमचं काय वाकडं केलंय?”

म्हातारी नुसती रडली.

कापणीच्या आधीच ती गेली. घराशेजारी खड्डा खणला. मडकी ठेवली, शिंपल्यांच्या बांगड्या ठेवल्या. मग गावातला सगळ्यांत वडील माणूस, सोम, सुरी घेऊन पुढं आला. आमच्याकडं मेलेल्याला एकटं पाठवत नाहीत. ज्या जनावरावर त्याचा जीव, ते बरोबर जातं. म्हातारीच्या नवऱ्यासोबत त्याचा कुत्रा गेला होता.

“त्या लंगडीवर जीव होता ना हिचा?” सोमनं विचारलं.

दुआ हो म्हणणार होती. तेवढ्यात तिची नजर शेजारणींकडं गेली, आणि तिला ती भिरकावलेली पळी आठवली.

“नाही,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “आईंना ती डोळ्यांसमोर नको असायची. या बायकांना विचारा.”

शेजारणींनी माना डोलावल्या. सोमनं सुरी कमरेला खोचली.

मग दुआला रडू आवरेना. एवढ्या दुखण्यात म्हातारीनं आपल्या लाडकीला एकदाही जवळ घेतलं नव्हतं.